सिनेमा पुन्हा कसा बघावा: लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

एक कागद घ्या आणि ‘सैराट’चा शेवट आठवून लिहून काढा. मोबाइल बाजूला ठेवा. आर्ची-परशाच्या हैदराबादच्या घरी तिच्या माहेरची माणसं येतात, तिथपासून शेवटच्या चित्रापर्यंत पडद्यावर काय दिसतं आणि काय ऐकू येतं, एवढंच लिहायचं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा सिनेमा न पाहिलेला माणूस शोधून काढावा लागेल, म्हणून उदाहरण हेच घेतलं.

लिहून झालं की शेवटची पंधरा मिनिटं लावा आणि कागद ताडून बघा. तुमच्या कागदावर खून असण्याची दाट शक्यता आहे. हत्यार, वार, किंकाळी. पडद्यावर त्यातलं काहीच नाही. लहान मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं, ते दारात परत येतं तेव्हा सगळं उरकलेलं असतं. आवाज काढून घेतलेला आहे. मूल रडतं, तेही आपल्याला ऐकू येत नाही. रक्ताची पावलं उमटवत ते घराबाहेर पडतं आणि सिनेमा संपतो. खून आपण आपल्या डोक्यात चित्रित केला आणि नागराज मंजुळे यांच्या नावावर जमा केला.

सिनेमा पुन्हा बघायचा तो एवढ्यासाठी. आठवणीतला सिनेमा आणि पडद्यावरचा सिनेमा यांच्यात जे अंतर पडतं, त्यातच लिहिण्यासारखं काहीतरी सापडतं. ‘शेवट अंगावर येतो’ हे सगळ्यांनीच लिहून झालंय. ‘जे दाखवलंच नाही ते मला का दिसलं?’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलात, तर तो लेख तुमचा. चुका काढण्यासाठी पुन्हा बघणारी एक जमात आहे: घड्याळात किती वाजले होते, शर्टाचं बटण कधी लागलं. त्यांना त्यांचा आनंद घेऊ द्या. आपल्याला तिकडे जायचं नाही.

पहिल्यांदा बघताना वही नको

सुरुवातीला दोन तासांच्या आतला सिनेमा निवडा. ‘सैराट’ जवळजवळ तीन तासांचा आहे, पहिल्याच लेखाला तो झेपत नाही. अगदी जिवापाड आवडणारा सिनेमाही नको, कारण त्याच्याबद्दल तुम्ही आधीच सगळं ठरवून बसलेले असता. एकदा बघितलाय, बाहेर आल्यावर काहीतरी खटकत राहिलं किंवा एखादं दृश्य उगाचच मनात घोळत राहिलं, असा सिनेमा सगळ्यात बरा.

नवीन सिनेमा असेल तर पहिलं बघणं शक्यतो थिएटरात, परीक्षणं न वाचता आणि हातात काही न घेता. तुम्ही कोरे असताना तो सिनेमा तुमच्यावर काय करतो, हे एकदाच कळतं. लिहिणारे म्हणून बसू नका, प्रेक्षक म्हणून बसा. हसू आलं तर हसा. कंटाळा आला तर तोही येऊ द्या. मात्र कुठे आला ते लक्षात ठेवा, कारण कंटाळ्याची जागा पुढे फार उपयोगी पडते.

मध्यंतर कुठे झालं, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडचे दिग्दर्शक मध्यंतर डोळ्यांसमोर ठेवून सिनेमा रचतात. घरी ओटीटीवर बघताना ही जागा पुसट होते किंवा कळतच नाही. थिएटरात चहाला उठताना लोक काय बोलत होते, याची एक ओळ तिकिटाच्या मागे खरडली तरी चालेल.

त्याच रात्री एक पान

घरी आल्यावर झोपण्याआधी आठवणीतून एक पान लिहा. क्रम चुकला तरी हरकत नाही. कोणतं चित्र सगळ्यात आधी डोळ्यांसमोर आलं, कोणाचं नाव आठवत नाही, कुठली गोष्ट कळली नाही, शेवट कसा झाला. वर तारीख घाला, कुठे बघितला ते घाला आणि कोणत्या भाषेत बघितला तेही. सोलापुरात हे शेवटचं फार महत्त्वाचं. तेलुगू सिनेमा इथे मूळ तेलुगूतून बघणारे कितीतरी आहेत आणि तोच सिनेमा हिंदी डबिंगमधून बघणारेही आहेत. दोघांनी बघितलेला अभिनय एक नसतो, कारण अर्धा अभिनय आवाजात असतो.

मग काही दिवस जाऊ द्या. आठवडा पुरे. ‘का बे, तोच पिक्चर परत?’ असं घरात कोणी विचारेल. विचारू द्या.

दुसऱ्यांदा: घरी, वही घेऊन

आधी प्रत चांगली मिळवा. थिएटरात मोबाइलवर चोरून केलेलं चित्रीकरण बघून लिहू नका. ते बेकायदा तर आहेच, पण त्यात फ्रेमच्या कडा कापलेल्या असतात, रंग फिके पडलेले असतात आणि पार्श्वसंगीताच्या जोडीला मागच्या रांगेतला खोकला असतो. त्यावरून छायालेखनाबद्दल लिहायचं म्हणजे पाकिटावरून पत्र वाचायचं. टीव्हीवर लागणाऱ्या प्रतीतही कापाकापी होते, गाणी आखूड होतात, म्हणून तीही टाळा.

जुना सिनेमा असेल तर टीव्हीची सेटिंग तपासा. १९५०च्या आधीच्या सिनेमांची चौकट आजच्या टीव्हीपेक्षा बरीच चौकोनी असते. माणसं आडवी फुगलेली दिसत असतील तर टीव्हीने चित्र ताणून पडदा भरलाय. ते बंद करा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसू द्या. आणि हेडफोन लावा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात कूलर लावून सिनेमा बघत असाल, तर पार्श्वभूमीचे बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. मग ‘आवाजाचा वापर फारसा नाही’ असं तुम्ही लिहून मोकळे होता.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे वेळ आणि पडद्यावर जे दिसलं-ऐकू आलं ते. उजवी बाजू मोकळी ठेवा, तिथे नंतर सुचेल ते लिहायचं. नियम एकच: डावीकडे विशेषण येता कामा नये. ‘उदास वातावरण’ असं लिहिलंत तर दोन दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही की पडद्यावर काय होतं. ‘रिकामं अंगण, माणूस फ्रेमच्या डाव्या कडेला, कुणी बोलत नाही, लांब कुत्रं भुंकतंय’ असं लिहा. ते उदास आहे की आणखी काही, हे नंतर ठरवता येतं.

दर मिनिटाला थांबवून मात्र बघू नका. त्याने सिनेमाची लय मोडते आणि मग लयीबद्दल तुम्हाला काही म्हणताच येत नाही. सिनेमा सलग चालू ठेवा, नुसती वेळ आणि दोन शब्द टिपा, आणि संपल्यावर त्या जागांवर परत जा. दीडपट वेगाने बघण्याची सवय असेल तर या कामापुरती सोडा.

सलग बघून झाल्यावर त्या रात्रीचं पान काढा आणि शेजारी ठेवा. जिथे जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे खूण करा. तुम्ही काही जास्तीचं आठवलं होतं का? कोणाला विसरलात? दोन दृश्यांची अदलाबदल झाली का? या खुणांमधूनच तुमचा प्रश्न निघेल.

एका वेळी एकच प्रश्न

नवखे लोक इथे अडखळतात. दुसऱ्यांदा बघताना अभिनय, कॅमेरा, संगीत, कपडे, संवाद असं सगळं एकदम टिपायला जातात आणि वही भरते, पण लेख होत नाही. एक प्रश्न धरा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्याच मागे जा.

मंजुळे यांचाच ‘फँड्री’ घेऊ. हा पावणेदोन तासांच्या आसपासचा आहे, नवख्यांना झेपणारा. सगळ्यांना शेवटचा दगड आठवतो: शाळकरी जब्या तो कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावतो आणि पडदा काळा होतो. यावरून ‘व्यवस्थेविरुद्धचा संताप’ असं एक वाक्य लिहिलं जातं आणि लेख तिथेच संपतो. आता सिनेमा पुन्हा लावा आणि फक्त एवढं बघा: कोण कोणाकडे बघतंय? जब्या त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शालूकडे बघतो, लांबून, चोरून. तो काळ्या चिमणीच्या मागे असतो, तेव्हाही बघणारा तोच. मग घरच्यांबरोबर गावातली डुकरं धरायची वेळ येते आणि हे उलटतं. गाव बघायला जमतं, शाळेतली पोरं बघतात, आणि जब्या भिंतीआड लपायला बघतो. ज्याने आतापर्यंत डोळे भरून बघितलं, तो आता इतरांच्या डोळ्यांपासून पळतोय. मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, घरातले सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. पुढे धरलेलं डुक्कर काठीला बांधून ज्या भिंतीवरून नेतात, त्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले रंगवलेले आहेत. तेही जणू बघतायत.

एवढ्या नोंदी समोर असल्या की शेवटचा दगड वेगळा दिसू लागतो. तो कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे तमाशा बघणाऱ्या गर्दीत जी जागा शिल्लक होती तिथे आपण बसलो होतो. हे मत पटलं नाही तरी चालेल. तुम्ही दुसरं मांडा. पण ते असं वेळ-वेळ टिपलेल्या नोंदींवर उभं असलं पाहिजे.

आवाजाचा प्रश्न धरला तर युक्ती सोपी आहे: पडदा झाका आणि नुसतं ऐका. ‘सैराट’वर हे करून बघा. अजय-अतुल यांची चारही गाणी दोघं पळून जाण्याआधी येऊन जातात. ‘झिंगाट’ला थिएटरात उठून नाचलेल्यांना हे कळलं नसणार, कळायची गरजही नव्हती. हैदराबादेत पोचल्यावर गाणं नाही. तिथे रस्ता आहे, वस्तीतली भांडणं आहेत, भांडी आहेत. आणि शेवटी तेही नाही. म्हणजे शेवटची शांतता अचानक आलेली नाही. सिनेमा मध्यापासून एकेक आवाज काढून घेत तिथवर आला आहे. सुरुवातीच्या कागदावर आपण किंकाळी का लिहिली, याचं एक उत्तर इथे मिळतं. जिथे आवाजच उरला नाही, तिथे आपण आपला घातला.

उलटही करा: आवाज बंद करून नुसतं बघा. संवाद नसले की कोण कुठे उभं आहे, कोण बसलंय, कोण दारातच थांबलंय, हे ठळक होतं. आर्ची पहिल्या भागात बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. मग तिच्या हातातलं हे चाक कधी सुटतं, तेवढं एकच टिपत जा.

तिसरा प्रश्न वेळेचा. शॉट म्हणजे कॅमेरा सुरू झाल्यापासून कट होईपर्यंतचा तुकडा. तीन मिनिटांचं एखादं दृश्य घ्या आणि प्रत्येक कटला कागदावर एक रेघ मारा. मग चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधली तीन मिनिटं घ्या. रेघा इतक्या कमी पडतील की आपलं काही चुकलं असं वाटेल. तिथे कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. शेवटाकडे कोर्टाची सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवले जातात, अंधार होतो, आणि तो अंधार पडद्यावर तसाच राहतो. सिनेमा संपला म्हणून लोक उठायला लागतात. तो संपलेला नसतो; पुढे न्यायाधीशांची सहल आहे. ‘संथ’ हा शब्द लिहिण्याआधी, या अंधारात तुम्ही काय करत होता ते आठवा.

नेमका कट कुठे पडतो ते कळत नसेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं ‘ई’ दाबा, एकेक फ्रेम पुढे सरकते. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जपून वापरा. याचं व्यसन लागतं.

इथे बसून जे दिसतं

पुण्या-मुंबईचा लेखक ‘सैराट’ची भाषा ‘ग्रामीण’ म्हणून पुढे जातो. तुम्हाला करमाळ्याकडचं बोलणं आणि कोल्हापूरकडचं बोलणं यातला फरक कानाला कळतो. मग ‘ग्रामीण’ लिहू नका, जे ऐकलं ते लिहा. हैदराबादच्या भागात तेलुगू कानावर पडते. बाकी महाराष्ट्राला ती आर्ची-परशाला वाटते तशीच परकी वाटते. सोलापूरच्या कन्ना चौकातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली मित्राला मात्र प्रत्येक वाक्य कळतं. त्याला शेजारी बसवून तेवढा भाग पुन्हा बघा आणि विचारा: ती माणसं कशी बोलतायत, रागाने की सहज? त्याने बघितलेला सिनेमा तुमच्यापेक्षा वेगळा आहे, आणि अशी माणसं एका गल्लीच्या अंतरावर असणं ही सोलापुरात लिहिणाऱ्याची चैन आहे. कानडीसाठी अक्कलकोटकडचं कोणी गाठा.

जमिनीचंही तेच. सोलापूर म्हटलं की पडद्यावर दुष्काळ अपेक्षित असतो. ‘सैराट’चा करमाळा हिरवा आहे, उजनी धरणाच्या फुगवट्याकडचा. नवखा ‘निसर्गरम्य’ लिहील. तुम्हाला माहीत आहे की इथे पाणी ज्याच्या शेतापर्यंत पोचतं त्याचं गावात वजन असतं. ती हिरवळ कोणाच्या मालकीची आहे आणि त्यात कोण पाहुण्यासारखं शिरतं, हा प्रश्न घेऊन सिनेमा परत बघितला, तर प्रेमाच्या गाण्यांमधली शेतंही काही सांगू लागतात.

एक सावधगिरी. ‘आपला माणूस, आपला जिल्हा’ हा अभिमान ठीक आहे, पण अभिमानाचा लेख वेगळा आणि हा वेगळा. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) बघताना हा मोह हमखास होतो. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या स्मारकात जाऊन या, मग सिनेमा बघा. काय खरं, काय खोटं याची यादी करावीशी वाटेल. करा, पण तिथे थांबू नका. जिथे जिथे सिनेमा त्यांच्या आयुष्यापासून बाजूला जातो, तिथे त्याला काय मिळालं ते विचारा. कोटणीसांच्या मृत्यूला जेमतेम चार वर्षं झाली होती आणि स्वातंत्र्य वर्षभरावर आलं होतं. तो सिनेमा कोणाला उद्देशून बोलतोय? कोटणीस स्वतः शांताराम झाले आहेत आणि त्यांची चिनी पत्नी जयश्री झाल्या आहेत. हे बघून आज हसू येईल, तर तेही टिपा आणि हसू नेमकं कुठे आलं ते लिहा.

नावं आणि साल

नावं आठवणीतून लिहू नका. श्रेयनामावली थांबवून फोटो काढा, छायालेखक आणि संकलक कोण ते तिथूनच उतरवा. मराठीत नावाचे हिज्जे इंग्रजी अक्षरांवरून अंदाजाने लिहिले की घोटाळा होतो. जास्त खोलात जायचं तर सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात चित्रपटावरची मराठी पुस्तकं कोणती आहेत ते विचारा. पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली सुरू झालेलं. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परतता येतं. जाण्याआधी फोन करून काय बघायचं आहे ते सांगा.

लिहायला बसल्यावर

सातशे-आठशे शब्द पुरेत. कथा दोन वाक्यांत संपवा. परीक्षण असेल तर शेवट फोडू नका, कारण ते न बघितलेल्यासाठी असतं. आपण इथे ज्याची तयारी केली ते विश्लेषण, बघितलेल्यासाठी. त्यात शेवटाबद्दल लिहावंच लागतं. वरच्या ओळीत तशी सूचना द्या आणि बिनधास्त लिहा.

सुरुवात एका दृश्याने करा, डावीकडच्या रकान्यातल्या भाषेत. मग प्रश्न. मग पुरावे, तीन किंवा चार, वहीतल्या वेळांसकट. लेखात वेळ छापायची गरज नाही, पण प्रत्येक विधानाच्या मागे ती असली पाहिजे. ‘अप्रतिम’, ‘वास्तववादी’, ‘काळजाला भिडणारा’, ‘छायालेखन उत्तम’ हे शब्द आले की त्यावर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा: कोणत्या मिनिटाला? उत्तर आलं तर तेच लिहा आणि तो शब्द काढा. उत्तर नाही आलं तर वाक्यच काढा. तारे देऊ नका. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

संवाद उद्धृत करायचा तर तो अवतरणात टाकण्याआधी पुन्हा ऐका. गाजलेले संवाद लोकांच्या तोंडी फिरून फिरून बदललेले असतात.

कच्चा मसुदा झाला की तिसरं बघणं. संपूर्ण नाही, मसुद्यात ज्या ज्या जागांचा उल्लेख आहे तेवढ्याच उघडा आणि वाक्य ताडून बघा. एखादं निरीक्षण चुकीचं निघेल, आणि नेमकी तीच ओळ लेखातली सगळ्यात झोकदार असेल. ती काढा. तिच्या जागी पडद्यावर खरोखर जे दिसलं ते लिहा, बऱ्याचदा ते जास्त विचित्र आणि जास्त चांगलं असतं.

पहिला लेख आवडलेल्या सिनेमावर झाला असेल तर दुसऱ्यासाठी न आवडलेला घ्या, आणि तोही तितक्याच वेळा बघा. सलमानचा घ्या, नाहीतर सोलापूरच्या पूर्व भागात गर्दी खेचणारा एखादा तेलुगू मारधाडपट. दुसऱ्यांदा बघताना लोकांनी शिट्ट्या कुठे मारल्या होत्या ते आठवा आणि त्या आधीच्या दोन मिनिटांत किती कट आहेत ते मोजा.